परीक्षा घोड्याची की स्वाराची?

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा गिऱ्हाईक घोड्याचा रंग पाहतो, अंगावरचे भोवरे न्याहाळतो, दात तपासतो, चाल करवून घेतो. घोड्याची परीक्षा अशी पुरेपूर होते. परंतु त्याच्यावर बसणाराची परीक्षा कोण करतो? घोडा अडला, बिचकला किंवा उधळला, की तो खोडकर आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात गेल्या अर्धशतकात अश्वारोहणाची जी जाहीर शिबिरे रुजली, त्यांनी नेमका हाच प्रश्न उलटून विचारला. त्या शिबिरांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या शिबिरांना तिकडे 'क्लिनिक' म्हणतात. शब्द दवाखान्याचा खरा. पण येथे रोगी कोण, हे पाहण्यासारखे आहे. ही प्रथा लोकप्रिय करणाऱ्यांत रे हंट (१९२९–२००९) हे नाव अग्रभागी येते. त्याचा गुरू टॉम डोरन्स (१९१०–२००३) हा गुराख्यांच्या मुलखात वाढलेला माणूस. घोडा मोडून काढावयाचा नसतो, त्याला समजून घ्यावयाचे असते, ही त्या दोघांची शिकवण. आपण घोड्याच्या बाजूने उभे आहोत, हे हंट शिबिरात आरंभीच सांगून टाकी.

यावर कोणी म्हणेल, घोडा आपला, खोगीर आपले. मग घरच्या घरी सराव करावा, चारचौघांत कशाला जावे? या शंकेचे उत्तर बर्लिनच्या एका घोड्याने दिले आहे. हान्स नावाचा हा घोडा १९०४ च्या सुमारास गणिते सोडवितो म्हणून गाजला. उत्तर जितके असेल तितके तो खूर आपटी. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने तपास केला, तेव्हा असे दिसले की, विचारणाराला उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नसे. आकडा पुरा होताच विचारणाराची मान नकळत किंचित वर होई, आणि घोडा थांबे. हान्स गणित वाचीत नव्हता. माणूस वाचीत होता.

जो प्राणी समोरच्या माणसाच्या मानेची हालचाल टिपतो, त्याला पाठीवर बसलेल्या स्वाराचे किती कळत असेल! समजा, एखाद्याची तक्रार आहे की थांबविताना घोडा मान झटकतो. शिकविणारा घोड्याकडे न पाहता स्वाराच्या हाताकडे पाहतो. मांड पक्की नसल्यामुळे गृहस्थ लगामालाच धरून तोल सावरीत असतो, आणि तो सारा भार घोड्याच्या तोंडातल्या लोखंडावर पडतो. झटका हे घोड्याच्या वेदनेचे उत्तर असते. स्वाराला मात्र आपला हात ओढतो आहे याचा पत्ताच नसतो. ज्याची चूक त्यालाच दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचा डोळा हवा.

दुसरी गोष्ट सोडण्याची. लगाम ओढल्याने घोडा शिकत नाही. त्याने थोडे ऐकताच लगाम सैल सोडला, म्हणजे तो शिकतो. ते सैल होणे हेच त्याला 'बरोबर' असे सांगणे. ऐकूनही ओढ तशीच राहिली, तर ऐकण्यात अर्थ नाही असे तो ठरवितो आणि पुढे तोंडाचा निबर होतो. सोडण्याची ती वेळ क्षणाची असते, आणि ती पुस्तकातून हाती लागत नाही.

म्हणून अशा शिबिरात चार दिवस दहाबारा जण आपापले घोडे घेऊन कुंपणाच्या आत उतरतात, आणि पुष्कळसे लोक थोडे शुल्क भरून बाहेर नुसते पाहत बसतात. या पाहणाऱ्यांना कमी लेखू नये. दुसऱ्याचा हात केव्हा उशिरा सैल झाला हे ओळखता आले, की आपला हातही कळू लागतो. मुलांसाठी ब्रिटनमध्ये १९२९ साली पोनी क्लब निघाला. त्याच्या मेळाव्यांतही स्वारीबरोबर खरारा, चारापाणी आणि खोगिराची निगा यांना मोल असते. स्वार होण्याआधी मोतद्दार व्हावे लागते, हे शहाणपण मुलांना सोबत्यांत सहज येते.

अर्थात शिबिर म्हणजे जादू नव्हे. तिथे चार दिवसांत शांत झालेला घोडा घरी आल्यावर पुन्हा पूर्वीसारखा वागू लागतो. कारण घरचा हात पूर्वीचाच राहिलेला असतो. चारचौघांत आपली चूक ऐकून घेणे मोठ्या माणसाला जड जाते, हेही खरे. परंतु ती लाज टाळली, तर तिची किंमत कोण भरतो? आपण नव्हे, ज्याला बोलता येत नाही, तो आपल्या तोंडाने आणि पाठीने भरतो. घोड्यावर मांड टाकणाराने एवढे ध्यानात ठेवले, तरी त्याची निम्मी विद्या झाली असे आम्ही समजू.