नाणेघाटांतील एक दिवस

घरच्या मंडळींना सहलीस न्यावयाचें म्हणजे प्रश्न दोनच : काय पाहावयाचें व काय खावयाचें. गेल्या माघांत आम्हीं कल्याणहून मुरबाडमार्गें वैशाखऱ्याकडे जाणारी एस. टी.ची सकाळची गाडी गांठली. शिदोरींत दशम्या, दाण्याची चटणी व दहींभात. ६५ वर्षांच्या काकूंस न्यावें कीं नाहीं, यावर आदल्या रात्रीं बराच खल झाला होता. पहांटे पाहतों तों त्याच काठी घेऊन दारांत उभ्या!

घाट चढण्यास चार तास लागले. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरास नेणारी सातवाहनांची वाट ती हीच. माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असें सांगतात. पण खरें पाहण्यासारखें आहे तें लेणें. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा मानला जाणारा, सुमारें २००० वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणें यांची ती नोंद. दानाचे आंकडेसुद्धां खडकांत कोरलेले! मागील भिंतींत राजकुळाच्या मूर्ति होत्या. आतां कांहींचीं पावलें तेवढीं उरलीं आहेत, आणि वर नांवें.

“ह्यांत राणीचें कोणतें?” काकूंनीं विचारलें. मीं दाखविलें. त्या बराच वेळ तेथेंच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “आपल्या वंशावळींत तुझ्या आजीचें नांव नाहीं रे.”

दहींभात तेथेंच संपला. उतरल्यावर मुरबाडास चहा व गरम कांदाभजीं झालीं. रात्रीं काकूंनीं वंशावळीची वही मागितली. आजीचें माहेरचें नांव लिहावें कीं सासरचें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.