प्रबंधासाठी लॅपटॉप घेताना स्क्रीनची उंचीही पाहा

बावडा (ता. इंदापूर) : पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, की लॅपटॉपची खरेदी ओघानेच येते. प्रोसेसर, रॅम आणि किंमत यांची चौकशी बारकाईने होते. स्क्रीनबाबत मात्र 'मोठा तेवढा चांगला' या समजावरच निर्णय घेतला जातो. वाचन आणि लेखनाचे काम पुढे कित्येक वर्षे याच स्क्रीनसमोर करायचे असते. त्यामुळे ही निवड चुकल्यास तिचा भार डोळ्यांवर आणि खांद्यांवर पडतो.

इंदापूर-अकलूज मार्गावरील बावड्यासारख्या गावातून संशोधन करणाऱ्याची गरज दुहेरी असते. विषय गावाजवळचा आणि कागदपत्रे पुण्यात, अशी स्थिती असते. नीरा डाव्या कालव्याने बदललेली शेती असो किंवा १९७२ मध्ये बावड्यात दलितांवर घालण्यात आलेला सामाजिक बहिष्कार असो, अशा विषयांसाठी पुण्यातील पुराभिलेखागार, ग्रंथालये आणि जुन्या वृत्तपत्रांचे अंक पाहावे लागतात. साहजिकच लॅपटॉप एसटीने नेण्याजोगा हवा आणि घरी तासन् तास वाचण्याजोगाही.

इंच नेमके कशाचे?

जाहिरातीत दिलेले इंच हे स्क्रीनच्या कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या अंतराचे माप असते. लिहिणाऱ्याला मात्र उंची महत्त्वाची. कारण एका वेळी किती ओळी दिसणार, हे तीच ठरवते. रुंदी व उंचीचे प्रमाण १६:९ असेल, तर १५.६ इंची स्क्रीनची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर भरते. १६:१० प्रमाणाच्या १४ इंची स्क्रीनची उंची सुमारे १८.८ सेंटिमीटर असते. म्हणजे कागदावर दीड इंचाहून अधिक वाटणारा फरक उंचीत अवघ्या सहा मिलिमीटरवर येतो. याउलट, १६:९ प्रमाणाचा १४ इंची स्क्रीन १७.४ सेंटिमीटरच उंच असतो. त्यामुळे इंचांबरोबर हे प्रमाणही दुकानदाराला विचारावे.

एका वेळी दोन पाने

संशोधनात डावीकडे संदर्भ आणि उजवीकडे स्वतःचे लेखन अशी मांडणी सोयीची ठरते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. १५.६ इंची स्क्रीनवर अशा दोन पानांना प्रत्येकी सुमारे १७ सेंटिमीटर, तर १६:१० च्या १४ इंचीवर सुमारे १५ सेंटिमीटर जागा मिळते. येथे मोठ्या स्क्रीनचा लाभ खरा आहे. मात्र, वृत्तपत्राचे अख्खे पान कोणत्याही लॅपटॉपवर मूळ आकारात मावत नाही. तेथे भाग मोठा करूनच वाचावे लागते.

देवनागरीसाठी स्पष्टता

मराठीत मात्रा व वेलांट्या शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. जोडाक्षरांतील बारकावे त्याहून सूक्ष्म. त्यामुळे स्क्रीनचे रिझोल्यूशन किमान १९२० बाय १०८० असावे. १३६६ बाय ७६८ चा मोठा स्क्रीन घेतल्यास अक्षरे मोठी दिसतात, पण त्यांच्या कडा तुटक भासतात. चकचकीत स्क्रीनवर खिडकीचे प्रतिबिंब पडते. वाचनासाठी मॅट स्क्रीन बरा.

प्रवास की टेबल?

सतत ये-जा करणाऱ्यास १६:१० प्रमाणाचा १४ इंची लॅपटॉप अधिक सोयीचा. साधारणपणे १५.६ इंची लॅपटॉप त्याहून वजनदार असतो आणि ग्रंथालयाच्या टेबलावर जागाही जास्त घेतो. आकडेवारीचे मोठे तक्ते हाताळणाऱ्या आणि बहुतांशी एकाच जागी बसणाऱ्यास मात्र १५.६ किंवा १६ इंची स्क्रीन योग्य. यांतील अनेक लॅपटॉपना आकड्यांच्या स्वतंत्र कळा असतात. त्यामुळे टंकलेखनाचा भाग डावीकडे सरकतो, हेही लक्षात घ्यावे.

दोन्ही गरजा असतील, तर लहान लॅपटॉप आणि घरी २४ इंची मॉनिटर हा पर्याय आहे. १६:९ प्रमाणाच्या अशा मॉनिटरची उंची सुमारे २९.९ सेंटिमीटर, म्हणजे उभ्या ए-फोर कागदाइतकी असते. त्यावर दोन पाने जवळजवळ मूळ आकारात शेजारी-शेजारी मावतात. वीज गेल्यास मॉनिटर बंद पडतो. पण लॅपटॉपच्या बॅटरीवर लेखन सुरू ठेवता येते. मॉनिटर जोडण्यासाठी लॅपटॉपला एचडीएमआय जोडणी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

खरेदीला जाताना एक स्कॅन केलेला जुना दस्तऐवज आणि स्वतःचे मराठी लेखन पेनड्राइव्हवर न्यावे. दोन्ही शेजारी उघडून हातभर अंतरावरून दहा मिनिटे वाचून पाहावे. पुढे झुकावे लागले, तर तो स्क्रीन आपल्या कामाचा नाही.