चकाकी उतरवताना

दसरा-दिवाळी जवळ आली की माळ्यावरचं पितळ खाली उतरतं. चिंचेच्या कोळात भिजतं, मिठाने घासलं जातं आणि सोन्यासारखं लख्ख होतं. हा शिरस्ता आपल्याकडे वर्षानुवर्षांचा. त्यामुळे मी नव्याकोऱ्या पितळी कड्या मुद्दाम काळ्या करायला घेतल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही जन्मभर पितळ उजळवलं आणि तुझं हे भलतंच काय!"

कारण त्यांचंच कपाट होतं. माहेराहून आलेलं, सागवानी, सहा ड्रॉवरचं. दोन कड्या केव्हाच तुटल्या होत्या. सुतारदादांचा सल्ला सोपा होता, "वहिनी, सगळ्याच काढून स्टीलच्या बसवू." म्हणजे दोन कड्यांपायी चार चांगल्या जुन्या कड्या भंगारात! त्यापेक्षा नव्या दोन जुन्यांच्या पंगतीला बसवायच्या, असं मी ठरवलं.

तुमच्याकडेही असा प्रसंग येईल, म्हणून रीत सांगते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा, दमटपणा, हाताचा घाम यांनी ते हळूहळू काळवंडतं. पण बाजारातल्या नव्या कडीवर बहुतेक वेळा लॅकरचा पारदर्शक थर असतो. तो असेपर्यंत काहीच होत नाही. आधी थिनरने तो पुसून काढा, मग साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा. व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून कडी ओली करा आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तळाशी थोडं व्हिनेगर ठेवून, त्याच्या वर टांगा. एक-दोन दिवसांत तपकिरी-हिरवट झाक येते. हवी तेवढी आली की ब्रशने सुटी हिरवट भुकटी काढा, धुऊन अगदी कोरडी करा आणि मेणाच्या पॉलिशचा हात फिरवा.

हातात मोजे आणि खिडक्या उघड्या, हे विसरू नका. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि हा प्रयोग ताटवाट्यांवर नको. ती हिरवट कळक पोटात जाणं घातक. कळकू नये म्हणून तर आपण पितळेला कल्हई लावून घेतो.

काही जण अमोनियाची वाफ देतात. रंग झटपट येतो खरा, पण पूर्वी ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, असा उलगडा पुढे 1921 मध्ये झाला. ताण असलेल्या पितळेला अमोनिया असा आतून तडा देतो. म्हणून झोपाळ्याच्या कड्यांना, साखळ्यांना तो मुळीच नको. त्यांवर माणसं बसतात, नातवंडं बसतात.

माझ्या कड्या काळ्या झाल्या, तरी जुन्यांशेजारी उपऱ्याच दिसत होत्या. सासूबाईंनी जुन्या कडीवरून अंगठा फिरवून दाखवला, "हे बघ, बोटं लागतात तिथे ती उजळच आहे. काळं आहे ते खोबणीत." मग तारेच्या बारीक घासणीने नेमकी तेवढीच जागा घासली आणि कडी जुळली.

दुकानात 'अँटिक फिनिश' म्हणून दुप्पट भाव सांगितला, तर हेच पाहा. सगळीकडे सारखा काळा असेल तर तो नुसता रंग. वापराने आलेलं जुनेपण असं सरसकट नसतं. आणि हो, घरात खरी जुनी कडी असेल तर दिवाळीच्या घासण्यातून तिला एवढं वगळा. तिच्यावरची ती उजळ जागा आपल्याच माणसांच्या बोटांनी केलेली असते.