हॅमस्टरचा पिंजरा निवडताना

नातवंडांच्या हौसेखातर घरी ड्वार्फ हॅमस्टर आणणार असाल, तर आधी पिंजऱ्याचा विचार करावा. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. या इवल्या जिवाला मात्र ३० अंशांपुढची उष्णताही घातक ठरू शकते. बंद काचपेटीत उष्मा कोंडतो, म्हणून हवेशीर, तारांचा पिंजरा निवडावा. तारांमधील अंतर ७ मिलिमीटरहून अधिक नसावे. अन्यथा तो निसटतो. दार समोरून उघडणारे असावे आणि पिंजरा कमरेएवढ्या उंचीच्या भक्कम टेबलावर ठेवावा, म्हणजे साफसफाईसाठी आपणांस वाकावे लागणार नाही. प्राणी निशाचर असल्याने शयनगृह टाळावे. कूलरचा झोतही थेट पिंजऱ्यावर नसावा. उन्हाळ्यात गार राहणारी खोली घरात नसेल, तर हॅमस्टर न आणणेच हिताचे.