ऑनलाइन तास : हजेरी लागते, अभ्यास होतो का?



वस्तीत तपासणीला बसलो की कॉलेजची मुलं-मुली हमखास सांगतात, डोळे चुरचुरतात, मान आखडते, डोकं जड होतं. आई शेजारून म्हणते, "ताई, दिवसभर मोबाइलमध्येच असतो हा." मुलगा म्हणतो, "अगं, लेक्चर चालू असतं." दोघंही खरं बोलतात. 2020 च्या टाळेबंदीत कॉलेजचा तास मोबाइलमध्ये आला. कॉलेजं उघडली, तरी तो पुरता बाहेर गेला नाही.

ऑनलाइन तासाचे फायदे आहेत. न समजलेलं पुन्हा ऐकता येतं. काम करून शिकणाऱ्याला रात्रीही तास मिळतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर कॉलेजचे कोर्स फुकट शिकता येतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. पण हजेरी लागली म्हणजे मन तिथे होतं असं नाही.

मेंदू एका वेळी दोन गोष्टींकडे नीट लक्ष देत नाही. तो एकीकडून दुसरीकडे उडी मारतो. तासात मेसेज वाजला, पाहिला, परत आलो, तोवर धागा तुटलेला असतो. नुसतं ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, परीक्षेत मात्र आठवत नाही. आपल्या शब्दांत लिहिलं, प्रश्न विचारला, दुसऱ्याला समजावलं, तरच ते डोक्यात राहतं.

आणखी एक गोष्ट मुली हळूच सांगतात. कॅमेरा आणि माइक त्या मुद्दाम बंद ठेवतात. एका खोलीत पाच माणसं, कुकरची शिट्टी, शेजारचं भांडण. वर्गाला कळेल याची लाज वाटते. मग शंका मनातच राहते आणि हळूहळू मुलगी अभ्यासातून तुटते. हा आळस नव्हे. घर लहान असणं हा कुणाचा गुन्हा नाही. बोलायचं नसेल तर प्रश्न चॅटमध्ये लिहा, पण विचारा.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब शिकले. वडील रामजीबाबा त्यांना लवकर निजवत आणि घर शांत असताना रात्री दोनला अभ्यासाला उठवत. खोली मोठी करता आली नाही, म्हणून त्यांनी वेळ काढून दिली. आपणही एवढं करू शकतो :

- तासाची वेळ भिंतीवर लिहा. तेवढा वेळ टीव्ही बंद आणि मुलीला पाणी भरायला उठवायचं नाही.
- घरात एकच फोन असेल तर तो आधी तासाला. भावाला एक न्याय, बहिणीला दुसरा नको.
- तासात इतर ॲपचे आवाज बंद, हातात वही-पेन. तास संपला की वही मिटून पाच मुद्दे आठवून लिहा.
- आठवड्यातून दोनदा विहारात चार-पाच जणांनी एकत्र बसावं. एकाने समजावावं, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.

आता शरीराचं. स्क्रीन पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फूट लांब पाहा. खोलीत तेवढं अंतर नसेल तर दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे पाहा. फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. इअरफोनचा आवाज निम्म्याच्या आसपासच असू द्या. झोपण्याआधी तासभर फोन बाजूला ठेवा. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. डोकेदुखी थांबत नसेल, फळा धूसर दिसत असेल, तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या.

आणि मूल गप्प गप्प राहू लागलं, अभ्यास सोडतो म्हणालं, तर रागावण्याआधी शेजारी बसून विचारा, "आज काय शिकलास? मला सांग." तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल. सांगता सांगता त्याचा अभ्यास होतो, आणि आपल्यासाठी कुणीतरी बसलंय हेही त्याला कळतं.