पाऊस आला की मूल का जागते?

रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की वस्तीतली काही मुले उठून बसतात. दप्तर उचलून फळीवर ठेवतात, नाल्याचे पाणी किती चढले ते दारातून पाहतात. "झोप गुपचूप, काही होत नाही," असे म्हणून आपण कूस बदलतो. आम्हीही तेच करत आलो. पण मुलांची ही भीती उगाच नसते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराने वेढले आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने पृथ्वी तापते आहे. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस येतो तो असा कोसळत येतो. उन्हाळ्यात पत्र्याची खोली रात्रीही निवत नाही. झोप मोडते, मूल चिडचिडे होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. ज्यांच्या घरी मोटार नाही, एसी नाही, त्यांनाच हा ताप अधिक! तरुण पोरांना याचा राग आला तर तोही समजून घ्यावा.

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ५९ टक्के तरुणांना हवामान बदलाची फार मोठी चिंता वाटत होती. या विचारांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले.

मग आईवडिलांनी काय करावे? मुलाला भित्रा म्हणू नये. त्याला बोलू द्यावे. पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून तयारी करावी: रेशनकार्ड, दाखले, वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवाव्यात, पाणी भरले तर कोणाकडे जायचे ते ठरवावे. त्यातले एखादे काम मुलाकडेच सोपवावे. हाताला काम मिळाले की मनाला धीर येतो.

एवढे करूनही झोप, जेवण, शाळा यांची घडी दोन आठवडे बसली नाही, किंवा मूल जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागले, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो. तिथे मराठीतही बोलता येते. यात लाज कसली? ताप आला की आपण दवाखान्यात जातोच ना!

आज जेवताना मुलाला विचारा, "पावसाची भीती वाटते का रे?" आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका.