आतला वारा

आईच्या पोटात बाळ कित्येक महिने गिळत असतं. शेवटी शेवटी तर दिवसाला अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त गर्भजल पितं. पण एवढ्या काळात त्याच्या पोटात हवेचा एक बुडबुडाही गेलेला नसतो. मग जन्म होतो, पहिला टाहो फुटतो आणि हवा दोन्ही वाटांनी आत शिरते, छातीतही आणि पोटातही. क्ष-किरणात तिचा प्रवास दिसतो. काही मिनिटांत ती जठरात असते, काही तासांत लहान आतड्यात आणि साधारण दिवसभरात पार शेवटच्या टोकाशी. घरातल्या बायका ‘वारा लागेल गं’ म्हणत टोपडं कानांवर ओढत असतात, तोवर वारा आत जाऊन बसलेलाही असतो.

या सगळ्याकडे माझं लक्ष गेलं ते भाचीमुळे. ताई बाळंतपणाला घरी आली होती आणि पहाटेची पाळी माझी होती. बाळ बावीस दिवसांचं. दूध पिऊन झालं की पाय पोटाशी घ्यायचं, कुंथायचं, लालबुंद व्हायचं. मग ढेकर, आणि ढेकरासोबत गुळणी. खांद्यावरचं दुपटं ओलं, त्याला आंबूस वास आणि वर दह्याच्या कवड्या. ‘सगळं टाकलं गं हिनं,’ ताई रडवेली होऊन म्हणायची. एका सकाळी मी कोरड्या दुपट्यावर चहाचे दोन चमचे दूध ओतून पाहिलं. जेमतेम १० मिली. तळहाताएवढा डाग पसरला. रात्रीचा डाग शेजारी ठेवला, तर तो याहून लहान निघाला. ताईला दोन्ही दुपटी दाखवली, तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला.

कवड्यांनीही घाबरायचं कारण नाही. जठरातल्या आम्लानं दूध फाटतं. लगेच आलेली गुळणी पातळ असते, अर्ध्या तासानं आलेली दह्यासारखी. पचन सुरू झालंय, एवढाच त्याचा अर्थ.

मुळात दूध वर येतंच का? तान्हं बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध पितं. साठ किलोच्या माणसानं तेवढ्याच मापानं प्यायचं म्हटलं, तर रोजचे नऊ लिटर होतील! आणि हे सगळं एवढ्याशा जठरात, दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून. मोठ्या माणसाची अन्ननलिका २५ सेंटिमीटरच्या आसपास असते, नवजात बाळाची आठ-दहा. तिच्या तळाशी स्नायूंचं एक कडं असतं. ते अधूनमधून सैल पडतं, आणि त्या क्षणी हवा निसटते किंवा दूध, कधी दोन्ही. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिल्या तीन महिन्यांतली निम्मी बाळं रोज एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात दोन तृतीयांश, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत फक्त ५ टक्के.

खांद्यावर घेण्यामागची गंमत मात्र मला सगळ्यात आवडते. अन्ननलिका जठराला मिळते ती जरा पाठीच्या बाजूनं. बाळ उताणं असलं की जड दूध मागे साचतं आणि ते तोंड बुडवून टाकतं. हलकी हवा पुढे, पोटाच्या भिंतीखाली अडकून राहते. तिला वाटच नसते. बाळाला उभं धरलं की दूध खाली बसतं, हवा वर चढते आणि बरोबर दारापाशी येते. आमची आई ‘मान धर, मान’ म्हणत बाळाला माझ्या खांद्यावर ठेवायची, तेव्हा ती नकळत हेच करत होती.

पालथं केलं तरी ते दार वरच येतं, मग बाळाला निजवायचंही पालथंच का नाही? तर नाही, पाठीवरच. उताण्या बाळात श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासाच्या वाटेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं केलं की हीच रचना उलटी होते. शिवाय उताणं निजवल्यानं झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो.

ढेकर काढल्यानं रडणं थांबतं, अशी आपली ठाम समजूत. चंदीगडमध्ये ७१ माय-लेकरांवर हे तपासलं गेलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. ढेकर काढल्यानं पोटदुखीचं रडणं काही कमी झालं नव्हतं, उलट दूध टाकणं वाढलं होतं. अभ्यास छोटा आहे, पण त्यानं मला मोकळं केलं. पाच-दहा मिनिटांत ढेकर आला नाही आणि बाळ शांत असेल, तर आम्ही पाठ थोपटणं सोडून द्यायचो.

आई रोज जेवणानंतर ताईच्या हातावर बाळंतशेपा ठेवायची. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ मध्ये ग्राइप वॉटर काढलं, त्यातही शेपूचंच तेल होतं! शिवाय सोडा आणि मद्यार्कही. ताईनं शेपा आवडीनं खाल्ला. बाळाला मात्र आम्ही ग्राइप वॉटर, गुटी, मध, पाणी यांतलं काहीच दिलं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये, तडक डॉक्टरांकडे जावं: उलटी हिरवी किंवा रक्ताची असणं, ती कारंज्यासारखी दूर उडणं, वजन न वाढणं, लघवी कमी होणं, पोट टणक फुगणं, ताप, मलूलपणा. पहिल्या दोन महिन्यांत काही बाळांच्या जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होतो. दूध पुढे सरकतच नाही आणि जोरानं परत येतं. शस्त्रक्रियेनं ते पूर्ण बरं होतं, पण वेळेवर कळायला हवं.

आणि जे बाळ नुसतंच रडतं, त्याला घेऊन चालावं. जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की आई बाळाला घेऊन चालू लागली की काही क्षणांतच त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. उंदराची पिल्लंही आईनं तोंडात धरून उचलली की अशीच निवतात. नंतरच्या अभ्यासातून त्यांनी हिशेबही दिला: पाच मिनिटं चाला, बाळ झोपलं की पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मग खाली ठेवा.

त्या पहाटे मी दिवा न लावता माजघरात फेऱ्या घातल्या आणि मग भिंतीला टेकून बसले. सातव्या मिनिटाला माझ्या कानाशी एक बारीकसा ढेकर आला, कोरडा. तिच्या मुठी सुटल्या.